नागपूरला चिपचा कारखाना नको, चिप पारखणारी प्रयोगशाळा हवी

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत घडली. २ सप्टेंबर २०२३ रोजी यान श्रीहरिकोट्याहून निघालं, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर जाऊन स्थिरावलं, आणि तिथून सूट सूर्याची अतिनील प्रकाशातली छायाचित्रं पाठवू लागली. ज्यांनी ती उभी केली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या दुर्बिणीत शिरलेला प्रकाश शेवटी ज्या चिपवर पडतो, ती ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलची सीसीडी (प्रकाश टिपून त्याचं चित्र बनवणारी चिप) इंग्लंडमधल्या कंपनीची आहे. २०१५ साली गेलेल्या अॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहाचीही गोष्ट अशीच. त्यावरच्या क्ष-किरण दुर्बिणीचा सीसीडी कॅमेरा लीस्टर विद्यापीठाच्या सहकार्यानं आला, अतिनील दुर्बिणीचे डिटेक्टर, म्हणजे प्रकाश टिपणारे भाग, कॅनडाच्या अवकाश संस्थेच्या सहकार्यानं आले आणि क्ष-किरण टिपणारे कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे डिटेक्टर इस्रायलमधून.

बाहेरून घेतलं म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. युरोपच्या युक्लिड दुर्बिणीचे अवरक्त डिटेक्टर अमेरिकेचे आहेत, आणि अमेरिकी पैशातून उभ्या राहिलेल्या रुबिन वेधशाळेच्या कॅमेऱ्यात इंग्लंडच्या चिप आहेत. सगळं आपल्याच घरात झालं पाहिजे हा हट्ट कोणत्याही प्रगत देशानं धरलेला नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. विकत घेतलेली चिप आतून बाहेरून ओळखण्याची, तिचे दोष मोजण्याची, ती अवकाशात कशी म्हातारी होईल हे आधी सांगण्याची जी विद्या आहे, ती आपल्याकडे दोनचार संस्थांतल्या मोजक्या माणसांच्या हातात आहे. ही विद्या वाढवायला अवाढव्य कारखाना लागत नाही. लागते ती चांगली प्रयोगशाळा आणि तिथे वीस वर्षं टिकणारी माणसं. अशी प्रयोगशाळा नागपुरात व्हावी, आणि विदर्भानं ती हक्कानं मागावी, असं माझं म्हणणं आहे.

आधी ही चिप काय करते ते पाहू. सिलिकॉनवर प्रकाशाचा कण आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो. पिक्सेलमध्ये असे इलेक्ट्रॉन साठतात आणि शेवटी ते मोजायचे असतात. दूरच्या आकाशगंगेचं चित्र काढताना एका पिक्सेलमध्ये तासाभरात मूठभरच इलेक्ट्रॉन जमतात. म्हणजे मोजणीतली चूक दोनतीन इलेक्ट्रॉनांपेक्षा जास्त असून चालत नाही. त्यात सिलिकॉन अंधारातही स्वस्थ बसत नाही. नुसत्या उष्णतेनं त्यात इलेक्ट्रॉन सुटत राहतात, आणि तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढलं की त्यांचं प्रमाण दुप्पट होतं. म्हणून या चिप उणे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, निर्वात पेटीत ठेवाव्या लागतात. ताऱ्यांची नोंद करणाऱ्या युरोपच्या गाया यानावरच्या १०६ सीसीडी उणे ११० अंशांच्या आसपास काम करत होत्या. त्याच चिपच्या जोरावर सुमारे १८० कोटी ताऱ्यांची यादी २०२२ साली जगासमोर आली.

खरी गंमत पुढे आहे. सीसीडीमध्ये पिक्सेलमधले इलेक्ट्रॉन जागच्या जागी मोजले जात नाहीत. ते एका पिक्सेलमधून शेजारच्या पिक्सेलमध्ये, तिथून त्याच्या शेजारी, असे सरकत सरकत कडेच्या एका मोजणीयंत्रापर्यंत जातात. घराचा स्लॅब टाकताना मजुरांची रांग घमेली हातोहात वर देते, तसंच हे. प्रत्येक हातात थोडा माल सांडला तर वर काय पोहोचेल? रांगेत ४०९६ हात आहेत आणि प्रत्येक हाताला हजारातला एक भाग सांडतो असं धरा. शेवटच्या माणसाकडे दोन टक्केही माल पोहोचत नाही. सांडण्याचं प्रमाण लाखात एकावर आणलं तर ९६ टक्के पोहोचतो. विज्ञानाच्या उपयोगाची चिप आणि निरुपयोगी चिप यांतला फरक हा असा दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या-पाचव्या आकड्यात असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो मोजावाच लागतो. प्रत्येक चिपचा वेगळा मोजावा लागतो, कारण सिलिकॉनच्या एकाच चकतीतून, म्हणजे वेफरमधून, कापलेल्या दोन चिपसुद्धा सारख्या नसतात.

शिवाय आज मोजलेला आकडा उद्या तोच राहील याची खात्री नाही. १९९९ च्या जुलैत चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण अवकाशात गेली. पहिल्या काही आठवड्यांतच तिच्या काही सीसीडींची इलेक्ट्रॉन सरकवण्याची क्षमता झपाट्यानं ढासळली. कारण कुणी कल्पिलं नव्हतं. पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतून (वेगवान विद्युतभारित कणांच्या पट्ट्यांतून) जाताना कमी ऊर्जेचे प्रोटॉन दुर्बिणीच्या आरशांवर घासून थेट चिपवर येत होते आणि सिलिकॉनच्या जाळीत खड्डे पाडत होते. या खड्ड्यांत इलेक्ट्रॉन अडकू लागले. उपाय साधा निघाला. पट्ट्यांतून जाताना कॅमेरा नाभीवरून, म्हणजे किरण जिथे एकत्र येतात त्या जागेवरून, बाजूला सरकवून ठेवायचा. त्यामुळे दुर्बीण वाचली आणि पुढे दोन दशकांहून जास्त काळ काम करत राहिली. पण हा साधा उपाय सुचायला बिघाडाचं कारण कळावं लागतं. ते लवकर कळलं, कारण चिपचं मन ओळखणारी माणसं त्या गटात होती आणि जमिनीवर तसल्याच चिपवर प्रोटॉन सोडून पडताळणी करण्याची सोय होती.

दुसरं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. जेम्स वेब दुर्बिणीचे अवरक्त डिटेक्टर तयार झाले, तपासले गेले, पसंत पडले. नंतर २०१०-११ च्या सुमारास पुन्हा तपासले तेव्हा नुसत्या साठवणुकीत त्यांचे पिक्सेल बिघडत चालल्याचं आढळलं. दोष निर्मितीतल्या एका पातळ थरात होता. धातूंना एकमेकांत मिसळू न देणारा तो थर आपलं काम करत नव्हता. रचना बदलून नवे डिटेक्टर बनवावे लागले. वेब २५ डिसेंबर २०२१ ला उडाली. ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असते, तिथे दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही. कपाटात ठेवलेला, एकदा उत्तीर्ण झालेला डिटेक्टर कोणी पुन्हा तपासलाच नसता, तर आज जी चित्रं आपण मोबाइलवर पाहतो त्यांची काय अवस्था असती? त्या दुर्बिणीच्या कौतुकात रॉकेट येतं, सोनेरी आरसा येतो. ही फेरतपासणी कुठेच येत नाही.

आता ही तपासणी कोण करतं ते पाहा, कारण नागपूरचा संबंध इथे येतो.

रुबिन वेधशाळेचा कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा आहे. त्यात १८९ सीसीडी आहेत. त्यातल्या काही इंग्लंडच्या कंपनीच्या आहेत आणि उरलेल्या अॅरिझोना विद्यापीठाच्या इमेजिंग टेक्नॉलॉजी लॅबोरेटरीतून आल्या. हे विद्यापीठ टूसॉन शहरात आहे, वाळवंटात. या प्रयोगशाळेकडे सिलिकॉनचा कारखाना नाही. वेफर दुसरीकडे तयार होतात. प्रयोगशाळा त्यांना मागून घासून पातळ करते, म्हणजे प्रकाश मागच्या बाजूनं शिरून वाया न जाता पकडला जातो. मग त्यावर परावर्तन रोखणारा लेप देते, चिप चौकटीत बसवते आणि मोजते. पुढे नऊ-नऊ चिपचा एक संच अशा २१ संचांची जुळणी आणि चाचणी ब्रुकहेवनच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाली. चिलीतल्या डार्क एनर्जी कॅमेऱ्याचंही असंच. रचना अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेची, वेफर कॅनडातल्या कंपनीचे, शेवटची प्रक्रिया पुन्हा बर्कलीत, आणि चौकटीत बसवणं व तपासणं फर्मीलॅब या दुसऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेचं. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सच्या ओपन युनिव्हर्सिटीतला एक गट वर्षानुवर्षं प्रारणानं चिप कशा बिघडतात याचाच अभ्यास करतो. गाया आणि युक्लिडच्या मागे त्या गटाचं काम आहे.

या सगळ्यांत समान काय? यातल्या बहुतेक ठिकाणी चिपचा कारखाना नाही. तरीही त्यांच्यावाचून एकही मोठी दुर्बीण उभी राहत नाही.

आपल्याकडे चर्चा नेमकी उलटी चालते. सेमीकंडक्टर म्हटलं की कारखाना, आणि कारखाना म्हटलं की तो कोणत्या राज्यात गेला. वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प २०२२ मध्ये तळेगावऐवजी गुजरातेत गेला तेव्हा महाराष्ट्रात रान पेटलं. तो प्रकल्प पुढच्याच वर्षी मोडला. टाटा-एअरबसचा विमान प्रकल्प इथल्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात येणार अशी आशा नागपूरला होती, तो वडोदऱ्याला गेला, आणि ती जखम इथे अजून ओली आहे. हा राग मला समजतो. अनुशेष हा शब्द ऐकत ऐकतच इथल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. पण प्रत्येक वेळी दुसऱ्याला मिळालेली वस्तूच आपण मागत राहिलो, तर आपल्याला काय जमू शकतं याचा विचार करायला उसंतच मिळत नाही.

गुजरातेतल्या धोलेऱ्याच्या चिप कारखान्याचा खर्च ९१,००० कोटी रुपये सांगितला गेला आहे. मोबाइल, मोटारी यांसाठी तो हवाच. पण दुर्बिणीच्या चिपला तसला कारखाना लागत नाही. या चिपचा एक पिक्सेल १० ते १५ मायक्रॉनचा असतो. अतिसूक्ष्म नॅनोमीटरची शर्यत इथे नाही. मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरची, म्हणजे तेवढे बारीक भाग चिपवर कोरणारी, तंत्ररेषा आहे. १९८९ च्या आगीनं त्या संस्थेची उमेदीची वर्षं खाल्ली, तरी अवकाशयानांसाठीचा विक्रम ३२०१ हा प्रोसेसर तिथेच घडला आणि २०२५ मध्ये देशासमोर आला. प्रकाशसंवेदकाची सुरुवात करायला १८० नॅनोमीटर पुरेसे आहेत. अडचण दुसरी आहे. संवेदकासाठी फार शुद्ध, जास्त विद्युतरोधाचं सिलिकॉन लागतं, प्रक्रिया वेगळी लागते, आणि पहिल्या दहा प्रयत्नांत आलेली चिप का बिघडली हे कारखान्याला नेमकं सांगणारं कोणीतरी लागतं. कारखान्याला चूक कळवणारी प्रयोगशाळा नसेल तर कारखाना सुधारत नाही. म्हणून क्रम असा हवा की आधी पारखणारे, मग घडवणारे.

धोलेऱ्याच्या आकड्याचा हजारावा भाग म्हणजे ९१ कोटी. माझ्या अंदाजानं एवढ्यात एक उत्तम प्रयोगशाळा उभी राहील: स्वच्छ खोल्या, निर्वात शीतपेट्या, हव्या त्या तरंगलांबीचा प्रकाश देणारी यंत्रणा, केसाहून बारीक तारा जोडणारी यंत्रं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या दहा वर्षांचे पगार. प्रारणाच्या चाचण्यांसाठी कणांना वेग देणारा वेगळा त्वरक बांधायची गरज नाही. मुंबईतल्या पेलेट्रॉन या त्वरकावर चिप नेऊन प्रोटॉनचा मारा करता येईल आणि आधीचं-नंतरचं मोजमाप इथे होईल.

नागपूरच का, हा प्रश्न रास्त आहे. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, झिरो माइल आहे, हा युक्तिवाद मला करायचा नाही. मध्यावर असल्यानं चिप चांगली मोजली जात नाही. आयुका, बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था, मुंबईची टीआयएफआर ही मूलभूत संशोधन संस्था, अहमदाबादचं इस्रोचं केंद्र यांच्याकडे अनुभव आहे. आयुकानं तर डिटेक्टर चालवणारे कंट्रोलर स्वतः बनवले आहेत. पण या संस्था आपापलं उपकरण बनवण्यासाठी चिप तपासतात. उपकरण उडालं की तो गट पांगतो, आणि पुढच्या मोहिमेला पुन्हा बऱ्याच गोष्टी नव्यानं उभ्या कराव्या लागतात. सगळ्यांसाठी सतत चालू राहील अशी सामाईक सोय हवी, आणि ती शिकवणाऱ्या विद्यापीठाशेजारी हवी. नागपुरात व्हीएनआयटी आहे, १९२३ सालचं विद्यापीठ आहे, ट्रिपल आयटी आहे, आजूबाजूला अभियांत्रिकी महाविद्यालयांची रांग आहे.

शिवाय हे शहर अवकाशातून आलेली चित्रं वापरण्यात नवखं नाही. भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये उडाला. त्याच्या कॅमेऱ्यांत २०४८ पिक्सेलच्या रांगेच्या सीसीडी होत्या. त्याच वर्षी महाराष्ट्राचं दूरसंवेदन उपयोजन केंद्र नागपुरात सुरू झालं. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, पलीकडे कापूस संशोधन आहे, लिंबूवर्गीय फळांचं संशोधन आहे. मातीचा पोत, कपाशीवरचा ताण, संत्र्याच्या बागेचं वाळणं, हे सगळं शेवटी कुठल्यातरी चिपच्या आकड्यांतून वाचलं जातं. हा आकडा किती खरा, हे विचारणारी माणसं इथे आहेत. त्यांना उत्तर देणारी प्रयोगशाळा त्याच गावात असावी, हे मला फार स्वाभाविक वाटतं. दुर्बिणीची चिप आणि पृथ्वीकडे पाहणारी चिप मोजायचं टेबल एकच असतं.

आमच्या उन्हाळ्याबद्दल शंका येईल. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कोराडी-खापरखेड्याची राख हवेत असते. पण टूसॉनही वाळवंटातच आहे. चिपला बाहेरची हवा लागतच नाही. विजेचं बिल जास्त येईल हे खरं, आणि ते अर्थसंकल्पात धरावं.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला दरवेळी ऐकायला मिळतो. ज्या विदर्भात शेतकरी आत्महत्या करतो, तिथे दूरच्या ताऱ्यांवर पैसा का घालायचा? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उडवून लावणार नाही. सिंचनाचा पैसा तोडून प्रयोगशाळा बांधा असं कोणी म्हटलं तर मीही विरोध करीन. पण हा पैसा त्या खात्यातला नाही. संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट आहे. तो निधी कुठेतरी जाणारच. विदर्भानं मागितलं नाही तर तो जिथे आधीच संस्था आहेत तिथेच जाईल, आणि मग इथला हुशार मुलगा नेहमीप्रमाणे पुण्याची गाडी पकडेल. मी भौतिकशास्त्र शिकवतो. ज्यांच्या हातात मोजमापाची उपजत शिस्त होती अशा मुलामुलींना मी सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांकडे जाताना पाहिलं आहे, आणि त्यांना थांबा म्हणायला माझ्याकडे जागा नव्हती. ही गळती मलाही अनुशेषच वाटते.

जोडफायद्यांचं बोलायचं तर उदाहरणं आहेत. हबलच्या एका उपकरणासाठी सुधारलेलं सीसीडी तंत्र स्तनातल्या गाठीची शस्त्रक्रियेविना तपासणी करणाऱ्या यंत्रात वापरलं गेलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली सीमॉस चिप १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत अवकाशयानाचे कॅमेरे लहान करण्याच्या धडपडीतून आकाराला आली. पण या फायद्यांच्या आशेवर मी मागणी करत नाही. ते कधी येतील, कुणाला मिळतील, सांगता येत नाही. नेमकं मोजता येणं ही क्षमता स्वतःच मागण्यासारखी आहे.

सगळ्यात मोठा धोका पैशाचा नाही, नोकरीच्या पद्धतीचा आहे. आपल्याकडे संशोधनातला तंत्रज्ञ प्रकल्पावर नेमतात. तीन वर्षांचा करार, मग मुदतवाढीचा अर्ज, मग पुढचा प्रकल्प मिळेपर्यंत घरी. चिपला तार जोडणारा हात दोन वर्षांत तयार होतो आणि पाचव्या वर्षी खरा बसतो. शीतपेटीतली बारीक गळती आवाजावरून, दाब चढण्याच्या वेगावरून ओळखणारा माणूस पुस्तकातून तयार होत नाही. आपण त्याला नेमका तेव्हा घरी पाठवतो जेव्हा तो उपयोगी पडू लागलेला असतो. एका प्रयोगशाळेत मी हे जवळून पाहिलं आहे. लाखोंचं यंत्र कापडाखाली झाकून ठेवलेलं होतं, कारण ते चालवणाऱ्याचा करार संपला होता. इमारत आणि यंत्रं देऊन माणसं कंत्राटी ठेवणार असाल, तर ही प्रयोगशाळा देऊच नका. मंत्र्यांच्या हस्ते फीत कापली जाईल आणि पाच वर्षांत तिथे गोदाम होईल.

म्हणून मागणीपत्रात पहिली ओळ पदांची असावी. दहा-बारा कायम पदं, त्यांतली निम्मी तंत्रज्ञांची, आयटीआय आणि पदविका झालेल्यांसाठी खुली, बढतीची वाट असलेली. प्रमुख असा माणूस नेमावा ज्यानं स्वतः चिप थंड करून मोजली आहे. कुलगुरू बदलला म्हणून त्याचं काम बदलू नये. इस्रो, आयुका आणि मोहाली यांच्याशी असा करार असावा की त्यांच्या पुढच्या प्रत्येक उपकरणाच्या सुट्या चिप इथे येतील आणि यान उडाल्यावरही इथेच राहतील, म्हणजे अवकाशात काही बिघडलं तर जमिनीवरचा तिचा जुळा भाऊ हाताशी असेल.

सुरुवात लहान करता येते, त्यासाठी इमारतीची वाट पाहायची गरज नाही. काही पिक्सेल खराब असल्यामुळे यानावर न जाणाऱ्या, पण चाचणीसाठी चालणाऱ्या चिप कंपन्या कमी किमतीत विकतात. अशी एक चिप, एक शीतपेटी आणि एक स्थिर प्रकाशस्रोत एवढ्यावर एमएस्सीची मुलं सिग्नल वाढताना त्यातला चढउतार कसा वाढतो याचा आलेख काढू शकतात. या एका आलेखातून एका आकड्यामागे किती इलेक्ट्रॉन आहेत, मोजणीतली चूक किती आहे आणि पिक्सेल कधी भरून वाहतो, तिन्ही गोष्टी कळतात. व्हीएनआयटी किंवा विद्यापीठ यांपैकी कोणीही हे येत्या जूनपासून सुरू करू शकतं. पहिल्या वर्षीचे आलेख वेडेवाकडे येतील. ते आयुकाला पाठवावेत, तिथल्या लोकांनी चुका काढाव्यात, आणि दुसऱ्या वर्षी त्याच मुलांपैकी दोघांना पगार देऊन ठेवून घ्यावं.